तान्ह्या बाळाला दूध बाधतं का?

आईच्या दर १०० मिलिलिटर दुधात सुमारे ७ ग्रॅम लॅक्टोज असतं. गाई-म्हशीच्या दुधात ते साडेचार-पाच ग्रॅमच्या आसपास भरतं. अंगावर पिणाऱ्या बाळाला मिळणाऱ्या एकूण ऊर्जेत जवळजवळ ४० टक्के वाटा या एका साखरेचा असतो. तरीही पाच-सहा आठवड्यांचं बाळ घेऊन दवाखान्यात आलेल्या आईबाबांच्या तोंडी हल्ली वरचेवर एक शंका ऐकू येते: “याला लॅक्टोज सोसत नसेल का, डॉक्टर?” संध्याकाळचं न थांबणारं रडणं, टम्म फुगलेलं पोट आणि फेसाळ शी, एवढ्यावरून ती उभी राहते. कधी आजी म्हणालेली असते की दूध बाधतंय, कधी मोबाइलवर काही वाचलेलं असतं, तर कधी तपासणीचा कागदच हातात असतो.

शंका खरी असेल तर बाळाचं वजन, प्रसंगी जीवही पणाला लागतो. चुकीची असेल तर अंगावरचं दूध विनाकारण तुटतं, आणि एकदा आटलेलं दूध परत आणायला फार कष्ट पडतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) सहा महिन्यांच्या आतल्या भारतीय बाळांपैकी ६३.७ टक्के बाळं निव्वळ आईच्या दुधावर होती. म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून अधिक बाळांना त्या वयात आधीच पाणी, गुटी, वरचं दूध किंवा आणखी काही चालू झालेलं होतं. त्यात आणखी एका कारणाची भर पडण्याआधी वैद्यकशास्त्र या प्रश्नावर आज कुठे उभं आहे, ते पाहायला हवं.

आतड्यात काय घडतं

लॅक्टोजचा रेणू ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज अशा दोन साध्या साखरांचा बनलेला असतो. जोडलेल्या स्थितीत तो रक्तात शोषला जात नाही. लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावर असंख्य सूक्ष्म उंचवटे असतात. त्यांच्या टोकांजवळच्या पेशींवर लॅक्टेज नावाचं विकर असतं आणि तेच हा जोड सोडवतं. विकर कमी पडलं तर न फुटलेलं लॅक्टोज मोठ्या आतड्यात उतरतं. तिथले जिवाणू ते आंबवतात, वायू आणि आम्लं तयार होतात आणि आतड्यात पाणी ओढलं जातं. त्यातूनच पोट गुडगुडणं, जोराने उडणारी फेसाळ व आंबूस वासाची शी आणि लालभडक सोललेलं बूड ही लक्षणं दिसतात.

यातली एक बारीक गोष्ट पुढच्या सगळ्या चर्चेत कामाला येते. हे विकर उंचवट्यांच्या टोकांकडे असल्यामुळे आतड्याला इजा झाली की पहिला फटका त्यालाच बसतो आणि अस्तर भरून येताना ते सर्वांत शेवटी परततं.

एकाच नावाखाली चार वेगळे प्रकार

१९५९ मध्ये मँचेस्टरच्या होल्झेल, श्वार्झ आणि सटक्लिफ यांनी ‘लॅन्सेट’मध्ये दोन भावंडांची हकिकत मांडली. दूध पाजलं की जुलाब होत आणि लॅक्टोज थांबवलं की मूल वाढीला लागे. जन्मजात लॅक्टेज नसण्याच्या आजाराची ओळख अशी पक्की होत गेली. हा आजार अतिशय दुर्मीळ आहे. तो सर्वाधिक आढळतो त्या फिनलंडमध्येही सुमारे ६० हजार जन्मांमागे एक इतकंच त्याचं प्रमाण आहे. अशा बाळाला पहिल्या पाजण्यांपासूनच पाण्यासारखे जुलाब सुरू होतात आणि वजन उतरत जातं. ते संध्याकाळी दोन तास रडून सकाळी हसत-खेळत उठणारं बाळ नसतं.

दुसरा प्रकार मोठ्यांचा. १९६०च्या दशकात बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या संशोधकांनी दाखवलं की अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय प्रौढांपैकी बहुतेकांना दुधातली साखर पुरती पचत नाही. पुढे लक्षात आलं की जगात हेच बहुसंख्य आहेत. २०१७च्या एका जागतिक आढाव्याने लॅक्टोज नीट न पचणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ६८ टक्के काढलं. २००२ मध्ये फिनलंडमधल्या संशोधकांना तो जनुकीय बदल सापडला, ज्यामुळे काही लोकांमध्ये लॅक्टेज आयुष्यभर टिकतं. २०१२ मध्ये भारतीय नमुन्यांवर झालेल्या अभ्यासात इथल्या पशुपालकांमधला मुख्य बदलही युरोपातल्यासारखाच निघाला.

घराघरांतला गोंधळ सुरू होतो तो इथे. “आमच्या घरात सगळ्यांनाच दूध बाधतं, मग बाळालाही बाधत असणार,” हा तर्क ऐकायला सरळ वाटतो, पण तो लागू पडत नाही. मोठ्यांमध्ये दिसणारी ही घट दूध तुटण्याच्या वयानंतर हळूहळू होते, साधारणपणे दुसऱ्या वर्षानंतर. पूर्ण दिवसांच्या निरोगी नवजात बाळाच्या आतड्यात लॅक्टेज भरपूर असतं, मग आजोबांना चहातलं दूधसुद्धा सोसत नसलं तरी.

तिसरा प्रकार अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा. लॅक्टेज गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत वाढतं आणि ३४व्या आठवड्याला ते पूर्ण दिवसांच्या बाळाच्या सुमारे ३० टक्केच असतं. चौथा प्रकार दुय्यम, म्हणजे आतड्याला झालेल्या इजेमुळे आलेला: रोटाव्हायरससारखा संसर्ग, जिआर्डियासारखे परजीवी, दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी किंवा तीव्र कुपोषण. भारतात लहान बाळांमध्ये प्रत्यक्ष त्रास होतो तो मुख्यतः या चौथ्या प्रकाराचा, आणि तो तात्पुरता असतो.

गॅलॅक्टोसेमिया नावाचा आणखी एक दुर्मीळ आजार या यादीत नेहमी मिसळला जातो. त्यात लॅक्टोज फुटतं, पण त्यातून निघालेल्या गॅलॅक्टोजचा शरीरात निचरा होत नाही. पहिल्या काही दिवसांत उलट्या, वाढत जाणारी कावीळ, सुस्ती, मोतीबिंदू आणि जीवघेणा जंतुसंसर्ग होऊ शकतो. अंगावरचं दूध खरोखर ताबडतोब बंद करावं लागतं असा हा एक मोजका प्रसंग.

रडणं आणि लॅक्टोज: सर्वांत लांबलेला वाद

१९५४ मध्ये अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ मॉरिस वेसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळाच्या अतिरडण्याची एक व्याख्या दिली: दिवसात तीन तासांहून जास्त, आठवड्यात तीन दिवसांहून जास्त आणि तीन आठवड्यांहून जास्त काळ. निरोगी बाळांचंही रडणं सहाव्या आठवड्याच्या सुमारास शिखरावर पोचतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ओसरतं, हे १९६२ मध्ये ब्रेझल्टन यांनी नोंदवलं. या वेळापत्रकामुळे कुठल्याही उपायाला यश येतंच. सहाव्या आठवड्यात सुरू केलेले थेंब, बदललेला डबा किंवा बेंबीभोवती लावलेला हिंग, यांतलं काहीही दहाव्या आठवड्यापर्यंत गुणकारी ठरल्यासारखं दिसतं. म्हणून या वादात तुलनेसाठी दुसरा गट नसलेल्या अनुभवांना फारसं वजन देता येत नाही.

एका बाजूचं म्हणणं असं: पहिल्या महिन्यांत बाळ वजनाच्या मानाने प्रचंड लॅक्टोज पितं, त्यातलं काही न पचता खाली जातं आणि वायूमुळे पोट दुखतं. काही अभ्यासांत रडणाऱ्या बाळांच्या श्वासात हायड्रोजन जास्त आढळला, म्हणजे आतड्यात आंबण्याची क्रिया जास्त चालली होती. यावरूनच लॅक्टेजचे थेंब पाजण्याची कल्पना निघाली. २०२२ मध्ये दिल्लीच्या नारंग आणि शाह यांनी पाच महिन्यांखालच्या १६२ बाळांवर यादृच्छिक, दुहेरी-अंध चाचणी प्रसिद्ध केली. लॅक्टेज मिळालेल्या बाळांचं रडणं महिनाअखेर खोटं औषध मिळालेल्यांपेक्षा कमी होतं. लंडनमधल्या २००१च्या चाचणीतही काही बाळांना उतार पडला होता.

दुसरी बाजू म्हणते की आतड्यातलं आंबणं हा या वयाचा नियमच आहे. १९८४ मध्ये रोनाल्ड बार आणि सहकाऱ्यांनी निरोगी बाळांच्या श्वासातला हायड्रोजन मोजला, तेव्हा व्यवस्थित वाढणाऱ्या बहुतेक बाळांतही थोडं लॅक्टोज न पचता खाली जात असल्याचं दिसलं. शिवाय त्याच लॅक्टोजवर बाळाच्या आतड्यातले बिफिडो जिवाणू पोसले जातात, म्हणजे ते वाया गेलेलं नसतं. १९९०च्या एका चाचणीत अंगावर पिणाऱ्या बाळांना लॅक्टेजचा काहीच फायदा दिसला नाही. अतिरडण्यावरच्या आहारबदलांचा २०१८चा कॉक्रेन आढावा सांगतो की चाचण्या लहान आहेत, त्यांत दोष राहण्याची शक्यता मोठी आहे आणि कुठल्याच उपायाची ठामपणे शिफारस करता येत नाही.

दोन्ही बाजू शेजारी ठेवल्या तर एवढं म्हणता येतं की काही बाळांना थेंबांचा फायदा होत असावा, पण ती बाळं आधी ओळखायची कशी, हे अजून सापडलेलं नाही. थेंबांनी फारसं नुकसान होत नाही. त्यामुळे एखाद्या डॉक्टरांनी आठवडाभराचा प्रयोग सुचवला तर तो गैर ठरत नाही. अंगावरचं दूध सोडवून लॅक्टोजविरहित डबा सुरू करणं मात्र खूपच मोठं पाऊल आहे, आणि निव्वळ रडण्यासाठी ते उचलण्याला आजच्या पुराव्याचा आधार नाही.

दूध जास्त झालं तर

१९८८ मध्ये मायकल वूलरिज आणि क्लोई फिशर यांनी ‘लॅन्सेट’मध्ये वेगळाच मुद्दा मांडला. काही बाळांना हिरवी, फेसाळ, उडणारी शी होते, वायू होतो, ती सारखी प्यायला मागतात आणि वजन तर भराभर वाढतं. त्यांचं म्हणणं असं की दोष विकराचा नसून पाजण्याच्या पद्धतीचा असू शकतो. एक बाजू पुरती रिकामी होण्याआधी बाळाला घड्याळ पाहून दुसरीकडे घेतलं, तर त्याला सुरुवातीचं पाणीदार दूध जास्त मिळतं आणि नंतरचं दाट, स्निग्ध दूध कमी. स्निग्धांश कमी असलं की जठर लवकर रिकामं होतं आणि खूप लॅक्टोज एकदम आतड्यावर येऊन पडतं. पुढे १९९५च्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात एका वेळी एकच बाजू पूर्ण पाजल्याने रडण्याची तक्रार कमी झाल्याचं दिसलं.

या मताला २००६ मध्ये पर्थमधल्या संशोधकांनी मुरड घातली. त्यांनी चोवीस तासांतलं प्रत्येक पाजणं मोजलं. दुधातला स्निग्धांश स्तन किती भरलेला आहे यावर ठरतो, पण बाळ दिवसातून कितीही वेळा प्यायलं तरी दिवसाकाठी मिळणारं स्निग्ध साधारण तेवढंच राहतं, असं त्यांना आढळलं. म्हणून आता स्तनपान-सल्लागार ‘पहिलं दूध वाईट, नंतरचं चांगलं’ असं सांगायचं टाळतात. खूप दूध येणाऱ्या आईने मात्र घड्याळ बाजूला ठेवून बाळ स्वतःहून सोडेपर्यंत एकाच बाजूला पाजणं आणि तोंडाची पकड तपासून घेणं, या सल्ल्यावर फारसा मतभेद नाही. त्याला पैसा लागत नाही आणि दूधही तुटत नाही.

कागदावरचा ‘पॉझिटिव्ह’

आपल्याकडच्या प्रयोगशाळांत सर्वांत जास्त केली जाते ती शीमधली क्षपणकारी शर्करा पाहण्याची तपासणी. शीचा पातळ भाग पाण्यात मिसळून त्यात निळं बेनेडिक्ट द्रावण घालतात आणि तापवतात. साखर असेल तर निळा रंग आधी हिरवट, मग पिवळा, नारिंगी आणि शेवटी विटकरी होतो. सोबत शीची आम्लता पाहतात. सामू ५.५ च्या खाली आणि साखर अर्ध्या टक्क्याहून जास्त असेल, तर लॅक्टोज पचत नसल्याचा संशय घेतला जातो.

तपासणी सोपी आहे, पण तिच्या आडवाटा बऱ्याच आहेत. डायपरमध्ये पाणी शोषलं जातं आणि साखर त्या पाण्यातच असते, म्हणून घट्ट उरलेल्या शीचा नमुना फसवा निघतो. नमुना तासन् तास पडून राहिला तर जिवाणू साखर खाऊन टाकतात. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, अंगावर पिणाऱ्या निरोगी बाळाची शी मुळातच आम्ल असते आणि तिच्यात थोडी साखरही सापडू शकते. त्याची नेहमीची शी पिवळी, पातळ, मोहरीएवढ्या कणांची आणि दिवसातून कितीही वेळा होणारी असते. त्यामुळे जोमाने वाढणाऱ्या बाळाच्या कागदावर ‘पॉझिटिव्ह’ आलं म्हणून काही सिद्ध होत नाही. हाच कागद जुलाब लांबलेल्या, सुकत चाललेल्या बाळाचा असेल तर त्याला अर्थ येतो. श्वासातला हायड्रोजन निरोगी बाळांतही सापडतो, म्हणून ती तपासणीही इतक्या लहान वयात अडते. आतड्याचा तुकडा काढून विकर मोजणं हा सर्वांत थेट मार्ग, पण तो मोजक्याच बाळांसाठी राखून ठेवला जातो.

म्हणून वजनकाटा इथे प्रयोगशाळेहून जास्त सांगतो. जन्मवजन साधारण दोन आठवड्यांत भरून येतंय का, त्यानंतर पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला २५-३० ग्रॅम वाढ होतेय का, दिवसाला सहा-सात वेळा भरपूर शू होतेय का, हे पाहायचं. वजनाची वाढ अंगणवाडीतल्या माता व बाल संरक्षण कार्डावरच्या रेषेवरूनही कळते.

साखर वेगळी, प्रथिन वेगळं

दूध बाधणं या एका शब्दाखाली दुधातल्या साखरेचा त्रास आणि दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी, असे दोन अगदी वेगळे त्रास बोलले जातात. शीत रक्ताच्या रेषा किंवा शेंबूड दिसणं, अंगभर खाज येणारा इसब, गांधी उठणं, वारंवार उलट्या ही प्रथिनांच्या ॲलर्जीची चिन्हं. अशा बाळाला लॅक्टोजविरहित डबा देऊन भागत नाही, कारण त्यातही गाईच्या दुधाची प्रथिनं असतातच. आईने दूध-दही सोडल्याचा उपयोग झालाच तर तो याच बाळांना होतो.

लॅक्टोजच्या बाबतीत आईच्या ताटाचा काहीच संबंध नाही. लॅक्टोज स्तनातच ग्लुकोजपासून तयार होतं. आईने दूध प्यायलं काय, सोडलं काय, तिच्या दुधातली साखर तेवढीच राहते. तरीही बाळंतिणीची खीर, ताक, पेज बंद करून तिला कोरड्या जेवणावर ठेवलं जातं. ती दमते, भुकेली राहते, आणि बाळाला फरक पडत नाही.

शेळीचं दूध पचायला हलकं हा आणखी एक जुना विश्वास. त्यातही लॅक्टोज साडेचार टक्क्यांच्या जवळपास असतं आणि त्याची प्रथिनं गाईच्या प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती असतात की गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बहुतेक मुलांना तेही सोसत नाही. सोयाच्या खास शिशुआहाराला जन्मजात विकाराच्या आणि गॅलॅक्टोसेमियाच्या बाळांसाठी जागा आहे. रडण्यासाठी त्याचा उपयोग होतो असं अमेरिकन बालरोग अकादमीला २००८च्या तिच्या अहवालात आढळलं नाही.

बाजाराचा प्रश्नही इथेच येतो. २०१८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये क्रिस व्हान टुलेकेन यांनी लिहिलं की इंग्लंडमध्ये ॲलर्जीसाठीच्या खास दूधपावडरींची प्रिस्क्रिप्शन्स २००६ ते २०१६ या काळात वर्षाला सुमारे १ लाख ५ हजारांवरून ६ लाखांच्या वर गेली, पण ॲलर्जी तितकी वाढल्याचा पुरावा नव्हता. त्यांनी बोट ठेवलं ते उत्पादकांच्या प्रभावावर. यावर काही ॲलर्जीतज्ज्ञांचं उत्तर असं की पूर्वी कितीतरी मुलांचं निदानच होत नसे, म्हणून सगळी वाढ खोटी मानू नये. भारतात १९९२च्या कायद्याने आणि २००३च्या दुरुस्तीने दोन वर्षांखालच्या मुलांच्या दूधपावडरी व शिशुआहारांच्या जाहिरातीला बंदी आहे, त्यामुळे हा दबाव इथे उघड जाहिरातींतून तरी येऊ शकत नाही.

जुलाबानंतरचे दिवस

लॅक्टोज खरोखर त्रास देतं ते बहुधा जुलाबानंतर. यावर मात्र भरपूर काम झालं आहे. २०१३च्या कॉक्रेन आढाव्यात ३३ चाचण्यांतली २,९७३ मुलं होती. लॅक्टोजविरहित आहार दिल्याने जुलाब सरासरी १८ तास लवकर थांबले. पण ही मुलं बहुतेक रुग्णालयात दाखल झालेली आणि अंगावर न पिणारी होती. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध जुलाबातही चालू ठेवायचं, क्षारसंजीवनी द्यायची आणि दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम, त्यापुढच्या बाळाला २० मिलिग्रॅम झिंक १४ दिवस द्यायचं, याबद्दल जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय बालरोगतज्ज्ञ यांच्यात एकमत आहे.

जुलाब १४ दिवसांपुढे गेले तर प्रश्न गंभीर होतो. वरचं दूध पिणाऱ्या सहा महिन्यांपुढच्या मुलांसाठी आपल्या पाठ्यपुस्तकांत आहाराच्या पायऱ्या दिल्या आहेत. आधी लॅक्टोज कमी करणारा आहार, म्हणजे दूध-भात, दुधातला रवा, दही-भात. त्याने भागलं नाही तर दूध पूर्ण वगळून तांदूळ आणि अंडं किंवा कोंबडी. बांगलादेश, भारत, मेक्सिको, पाकिस्तान, पेरू आणि व्हिएतनाममधल्या मुलांवर १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा पायऱ्यांच्या पद्धतीने ८० टक्के मुलं बरी झाली. दही-भात इथे उगाच आलेला नाही. विरजणाने लॅक्टोजचा काही भाग आधीच फुटलेला असतो, आणि अल्जीरियातल्या १९९०च्या चाचणीतही लांबलेल्या जुलाबात दुधाऐवजी दही दिलेल्या मुलांना लवकर उतार पडला.

टाळू खोल जाणं, डोळे बसणं, सहा-आठ तास शू न होणं, बाळ मलूल पडणं किंवा प्यायला नको म्हणणं, अशा वेळी साखरेची चर्चा बाजूला ठेवून बाळाला तडक रुग्णालयात न्यायचं असतं.

संसर्ग, जुलाब आणि मग लॅक्टोजचा त्रास, या साखळीची पहिली कडी तोडण्याचं काम लस करते. रोटाव्हायरसची लस २०१६ पासून टप्प्याटप्प्याने सार्वत्रिक लसीकरणात आली. ती ६, १० आणि १४ आठवड्यांना देतात. वापरात असलेल्या दोन लसींपैकी एक पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची आहे.

अपुऱ्या दिवसांची बाळं आणि उरलेले प्रश्न

लॅक्टेज कमी असतं म्हणून अपुऱ्या दिवसांच्या बाळाला लॅक्टोज कमी असलेलं दूध द्यावं, हे तर्काला पटतं, आणि १९९९च्या एका अमेरिकन चाचणीत अशी बाळं पूर्ण पाजण्यापर्यंत लवकर पोचलीही. पण ह्यूस्टनमधल्या रॉबर्ट शुल्मन यांनी १९९८ मध्ये दाखवलं की लवकर पाजायला लागलं, विशेषतः आईचं दूध, तर आतड्यातलं लॅक्टेजच वाढतं. लॅक्टोज काढून टाकलं तर ही चालना कमी पडेल का, हा प्रश्न त्यातून उभा राहिला. पाजण्यात लॅक्टेज मिसळण्यावरच्या कॉक्रेन आढाव्याला १३० बाळांची एकच चाचणी मिळाली, आणि तिच्यावरून सरसकट शिफारस करता आली नाही. त्यामुळे नवजात विभागांचा कल आजही आईच्या दुधाकडे आहे, आणि ते नसेल तर दूधपेढीतल्या दुधाकडे. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये सुरू केलेली दूधपेढी आशियातली पहिली मानली जाते.

अनुत्तरित प्रश्न अजून बरेच आहेत. थेंबांचा फायदा नेमका कोणत्या बाळांना होतो, हे ठरवण्यासाठी दिल्लीच्या चाचणीसारख्या आणखी मोठ्या चाचण्या हव्यात, आणि त्यांत अंगावर पिणारी व डब्याचं दूध पिणारी बाळं वेगळी मोजायला हवीत. शीच्या तपासणीचे आकडे तीन महिन्यांखालच्या निरोगी बाळांना कसे लावायचे, यावर वेगवेगळे तज्ज्ञ वेगवेगळं सांगतात. जुलाबानंतर लॅक्टोजविरहित दूध किती दिवस द्यायचं याबद्दलही एकवाक्यता नाही. कुणी दोन आठवडे म्हणतं, कुणी चार, कुणी त्याहून जास्त. अस्तर भरून आल्यावर नेहमीचं दूध थोडं थोडं सुरू करून पाहायचं असतं. पण ते पाहायला सांगितलंच नाही, तर दोन आठवड्यांसाठी आणलेला महागडा डबा घरात कितीतरी महिने चालू राहतो. म्हणून असा डबा लिहून देताना तो कोणत्या तारखेला थांबवून पाहायचा, ती तारीखही त्याच चिठ्ठीवर लिहिलेली असायला हवी.